साडेतीनशे वस्तू आणि एक फलक: प्राथमिक शाळेतल्या सेवा मंडळाचे प्रकरण

इयत्ता तिसरी ते पाचवीची, म्हणजे साधारण ८ ते ११ वर्षांची २४ मुले. दोन मार्गदर्शक शिक्षिका. आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर ४५ मिनिटांची बैठक. मुलांना समाजसेवेची सवय लागावी आणि त्यांच्यातले नेतृत्वगुण वाढावेत, हा मंडळाचा हेतू. ही शाळा काल्पनिक, नमुन्यादाखल उभी केलेली आहे. अडचणी मात्र अशा मंडळांत नेहमी येणाऱ्या आहेत, आणि बहुतेक वेळा याच क्रमाने येतात.

पहिल्या सत्राची सुरुवात निवडणुकीने झाली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशी चार पदे होती. निवडून आलेली चौघे पाचवीतली, वर्गात आधीच पुढे असणारी, स्टेजवर बोलायची सवय असलेली. उरलेली वीस मुले 'सदस्य' झाली. सदस्याने नेमके काय करायचे, हे कुणीच सांगितले नव्हते. चौथ्या बैठकीपर्यंत तिसरीची मुले मागच्या बाकांवर वहीत चित्रे काढू लागली. शिक्षिकांना तो शिस्तीचा प्रश्न वाटला. खरे तर त्या मुलांना कामच नव्हते.

पहिला उपक्रम गावातल्या वृद्धाश्रमासाठी वस्तू गोळा करण्याचा. प्रत्येक वर्गात एक खोके ठेवले आणि जास्त वस्तू आणणाऱ्या वर्गाला ढाल जाहीर केली. तीन आठवड्यांत साडेतीनशेच्या आसपास वस्तू जमल्या. त्यांत लहान मुलांची खेळणी, बटणे तुटलेले शर्ट, अर्धवट वापरलेले साबण, वाळलेली स्केचपेने आणि कुणाच्या तरी घरातल्या जुन्या वह्या होत्या. कामाच्या वस्तू शंभरही निघाल्या नाहीत. आश्रमाच्या व्यवस्थापकांनी आभार मानले, खोकी उतरवून घेतली, आणि त्यांच्या माणसांचा एक दिवस निवडानिवडीत गेला. मुलांनी रांगेत उभे राहून एक गाणे म्हटले, फोटो निघाले, बस परतली.

बाहेरून पाहता उपक्रम यशस्वी. वार्षिक अहवालात फोटोसह छापता येईल असा. पण पुढच्या बैठकीला २४ पैकी १५च मुले आली, आणि 'आपण कुणाला मदत केली?' या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर होते, 'चौथी ब पहिली आली.'

नेमके कुठे बिघडले

ढालीपासून सुरुवात करू, कारण तिचे नुकसान सहज दिसत नाही. मोजणी वस्तूंच्या संख्येची होती, त्यामुळे मुलांनी संख्या वाढवली. पन्नास खडू म्हणजे पन्नास वस्तू, हा हिशोब आठ वर्षांच्या मुलालाही पटकन जमतो. यात मुले अप्रामाणिक नव्हती. जे मोजले जात होते तेच त्यांनी केले. शिवाय बक्षिसाचा दुसरा परिणाम अधिक खोल असतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. चित्र काढायची आवड असलेल्या मुलांना 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगितले. नंतर बक्षीस नसताना हीच मुले चित्रे काढण्यात पूर्वीपेक्षा कमी वेळ घालवू लागली. न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र तशी घटली नाही. मदतीच्या बाबतीतही हेच दिसते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली २० महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केले. मदतीबद्दल वस्तूचे बक्षीस मिळालेली बाळे पुढे कमी मदत करू लागली. मुलांमध्ये मदतीची ओढ असतेच. मंडळाने ती मारू नये, एवढी तरी अपेक्षा ठेवायला हवी. ढाल, तारे, गुणतक्ता आणि 'महिन्याचा सेवक' या चारही गोष्टी अशा मंडळातून काढून टाकाव्यात, असे आमचे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे आश्रमाला कुणी काही विचारलेच नाही. काय हवे, काय नको, केव्हा यावे हे सगळे मोठ्यांनी गृहीत धरले.

तिसरी गोष्ट निर्णयांची. संयुक्त राष्ट्रांच्या बाल हक्क करारात (१९८९) कलम १२ आहे: मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकले जावे आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावे. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी केलेल्या लेखनात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांना हवे तसे वापरून घेणे, शोभेला उभे करणे आणि नावापुरते सामील करणे येते. हार्ट या तिन्हींना सहभाग मानतच नाहीत. वर सांगितलेला उपक्रम त्या पायऱ्यांवर तपासून पाहा. ठिकाण, वस्तू, तारीख आणि गाणे शिक्षिकांनी ठरवले. निवडून आलेल्या अध्यक्षाने फक्त आभाराचे भाषण वाचले, तेही लिहून दिलेले.

दुसरे सत्र: आधी विचारणे

दुसऱ्या सत्रात शिक्षिकांनी तोच वृद्धाश्रम कायम ठेवला. हा निर्णय चांगला होता. दर वेळी नवे ठिकाण घेतले तर मुलांना कुठल्याच ठिकाणाची गरज कळत नाही. आधी फोनवर वेळ मागितली आणि मग सहा मुलांनी व्यवस्थापकांची भेट घेतली. प्रश्न तीनच होते, मुलांच्या शब्दांत, कार्डावर लिहून नेलेले:

१. इथल्या आजी-आजोबांचे रोज काय अडते?
२. आम्ही काय केले तर तुमचे काम वाढेल?
३. आम्ही कधी येऊ नये?

दुसरा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो. मदत घेणारी संस्था 'काहीही द्या, चालेल' असे सौजन्याने म्हणते. पण काम कशाने वाढते असे विचारले की खरे बोलणे सुरू होते. उत्तरे अशी आली. वस्तू नकोत, ठेवायला जागा नाही. दुपारी जेवणानंतर दोन तास कुणी येऊ नये. आणि रोज सकाळी निम्मी मंडळी विचारतात, आज वार कोणता, आज डॉक्टर येणार का. सूचनेचा कागद भिंतीवर लावलेला असतो, पण छापील अक्षर बारीक असल्याने कुणाला वाचता येत नाही.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना जमेल, त्यांच्या हातून पूर्ण होईल आणि रोज वापरले जाईल, असे काम या शेवटच्या वाक्यात होते: मोठ्या अक्षरांतला वार-तारखेचा फलक. व्यवस्थापकांनी ते मागितले नव्हते. ते ऐकून वहीत टिपले तिसरीतल्या मुलीने, आणि पुढच्या बैठकीत तिच्याच वहीतून ते वाचले गेले.

पदांऐवजी फिरती कामे

निवडणूक बंद झाली. २४ मुलांचे सहा-सहाचे चार गट पडले, प्रत्येक गटात तिन्ही इयत्तांची मुले. सहाचा आकडा जुना आणि अनुभवाचा आहे. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली लहान मुलांसाठी वुल्फ कब ही शाखा सुरू केली, तिथेही मुलांची विभागणी सहाच्या गटांत केली जाई. सहाहून मोठ्या गटात एक-दोन मुले गप्प बसून वेळ काढू शकतात. चारच्या गटात दोघे गैरहजर राहिले की काम थांबते.

प्रत्येक गटात सहा कामे: गटप्रमुख, वेळ पाहणारा, नोंद ठेवणारा, साहित्य सांभाळणारा, बाहेरच्यांशी बोलणारा आणि तपासणारा. प्रत्येक कामाचे एक कार्ड, त्यावर फक्त तीन ओळी. गटप्रमुखाचे कार्ड असे: 'सगळ्यांना एकदा तरी बोलू दे. वाद झाला तर दोन्ही बाजू ऐकून हात वर करायला सांग. ठरले ते मोठ्याने म्हण.' दर दोन बैठकांनी कामे बदलतात. सहा कामे, प्रत्येकी दोन बैठका, म्हणजे १२ बैठकांच्या सत्रात प्रत्येक मूल सहाही कामे करते. दर आठवड्याला कामे बदलली तर पहिली बैठक शिकण्यात जाते आणि नीट करण्याची पाळी येतच नाही. महिनाभर एकच काम ठेवले तर तिसरीच्या मुलांची पाळी लांबते आणि मोठी मुले ते काम आपलेच समजू लागतात.

नोंद ठेवण्यावरून अडले. तिसरीतल्या दोघांना वेगाने लिहिता येत नव्हते, म्हणून गट त्यांची पाळी टाळू लागला. उपाय म्हणून नोंदीचा नमुनाच बदलला. 'काय ठरले', 'कोण करणार' आणि 'कधीपर्यंत' असे तीन चौकोन आणि प्रत्येकात एक-दोन शब्द किंवा चित्र. हाच नमुना मोठ्यांच्या बैठकांनाही पुरेल.

बैठकीची ४५ मिनिटे अशी वाटली: ५ मिनिटे गोलात बसून हजेरी आणि मागच्या नोंदीचे वाचन, २५ मिनिटे गटाचे काम, १० मिनिटे चारही गटांचे सांगणे, ५ मिनिटे आवराआवर आणि पुढच्या कामांचे वाटप. आवराआवर घंटेनंतर गेली की ती शिक्षिकांच्या गळ्यात पडते, म्हणून ती वेळेच्या आतच धरायची.

एक शिक्षिका बैठक चालवताना दुसरी एक कागद घेऊन बसे आणि कोण किती वेळा बोलले याच्या रेघा ओढे. पहिल्या कागदावर सर्वांत जास्त रेघा शिक्षिकेच्या नावापुढे होत्या. यावर अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांचे १९७० च्या दशकातले काम लागू पडते. शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलतात. लहानांच्या मंडळात मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. ती शांतता शिक्षिकेला अवघड वाटते, मुलांना वाटत नाही.

फलक

हा भाग सविस्तर देतो, कारण मुलांच्या हातचे काम 'गोड' न ठरता उपयोगी कसे ठरते ते इथे दिसते.

पहिले नमुने चारही गटांनी रंगीत पेन्सिलींनी केले. पांढऱ्या कागदावर पिवळी-केशरी अक्षरे, दोन सेंटिमीटर उंचीची, कडेने फुले आणि फुलपाखरे. शिक्षिकांनी 'छान' किंवा 'चुकले' असे काहीच म्हटले नाही, आणि ते बरोबर होते. तपासणाऱ्या मुलांनी कागद व्हरांड्यात, कमी उजेडाच्या भिंतीला लावले. तीन मीटरवर खडूने रेघ मारली. ज्याने लिहिले नाही त्याने वाचायचे, आणि अधू नजरेला कसे दिसते ते कळावे म्हणून वाचताना डोळ्यांपुढे अर्धपारदर्शक प्लास्टिकची फाइल धरायची, हा नियम. पिवळे अक्षर दिसेनासे झाले. फुले आणि अक्षरे एकमेकांत मिसळली. 'बुधवार' आणि 'गुरुवार' यांत गोंधळ झाला. 'मंगळवार'चा अनुस्वार कुणालाच दिसला नाही. तारीख दिसली, पण ३ की ८ यावर वाद झाला.

दुसऱ्या फेरीत मुलांनी स्वतःच नियम ठरवले. पांढऱ्यावर काळे, दुसरा रंग नाही. अक्षराच्या मूळ भागाची उंची ५ सेंटिमीटर, रेघेची जाडी ८ मिलिमीटरच्या आसपास. एवढी जाडी स्केचपेनने येत नाही, म्हणून अक्षरे काळ्या कार्डपेपरमधून कापून चिकटवली. वेलांटी, मात्रा वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे पाच सेंटिमीटरच्या अक्षराला कार्ड १२ सेंटिमीटर उंच लागते. पहिली कार्डे आठ सेंटिमीटरची कापली होती आणि 'गुरुवार'मधल्या 'गु'चा उकार खाली कापला गेला. वार आणि महिन्यांच्या कार्डांची लांबी ३५ सेंटिमीटर, कारण 'फेब्रुवारी' तेवढ्यात बसतो. फलक ४५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच, त्यावर चार ओळी: वार, तारीख, महिना, आजचा कार्यक्रम.

तारखेची ३१ कार्डे करायची असे शिक्षिकांनी धरले होते. चौथीतला मुलगा म्हणाला, "बाई, एकतीस कशाला? दशकाचे वेगळे आणि एककाचे वेगळे करू." दशकासाठी १, २, ३ आणि एककासाठी ० ते ९ अशी १३ कार्डे पुरतात, ११ आणि २२ सुद्धा बसतात, कारण दोन संच वेगळे आहेत. वाराची ७, महिन्यांची १२, तारखेची १३, एकूण ३२. मंडळात गणित 'आणायचे' म्हणून आणले नव्हते. काम खरे होते, म्हणून ते आपोआप आले.

कार्डे टिकावीत म्हणून ती चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद केली, आणि इथे पुन्हा फसले. खिडकीसमोर लावल्यावर त्यावर उजेड चमकला आणि अक्षर पुसल्यासारखे झाले. शेवटी प्लास्टिक काढले, जाड पुठ्ठ्यावर कार्डे चिकटवली आणि फलकावर पुठ्ठ्याच्याच पट्ट्यांच्या खाचा केल्या. जास्त वापराची सात वारांची कार्डे आणि तारखेचे दोन्ही संच जादा करून दिले.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तपासणाऱ्या मुलीने विचारला: रोज कार्ड बदलणार कोण? चुकीचा वार दाखवणारा फलक हा फलक नसण्यापेक्षा वाईट. ज्यांची आठवण कच्ची झाली आहे त्यांचा गोंधळ त्याने वाढतो. मुलांनी आश्रमात विचारले. सकाळी लवकर उठणाऱ्या एका आजोबांनी हे काम आपणहून घेतले, आणि ते नसतील तेव्हा सकाळच्या पाळीच्या सेविकेने ते करायचे ठरले. घेणाऱ्याच्या हातीही काम असले की उपक्रम टिकतो. वृद्धांच्या ठिकाणी तर हे मुद्दाम पाहावे, कारण तिथे सगळेजण त्यांच्यासाठी काही ना काही करत असतात आणि त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही.

भेटीची तयारी

फलक लावायला २४ मुले एकदम नेली नाहीत. बारा-बाराच्या दोन तुकड्या, दोन वेगळ्या दिवशी, प्रत्येकीसोबत तीन मोठी माणसे. पालकांची लेखी संमती आणि संपर्क क्रमांक बरोबर ठेवले. निघताना, पोहोचल्यावर आणि परतताना मोजणी झाली. कुठल्याही मुलाला एका मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत एकटे सोडायचे नाही, हा नियम आश्रमालाही आधी कळवला. सर्दी, ताप किंवा जुलाब असलेले मूल त्या दिवशी जात नाही. वृद्धांसाठी साधा संसर्गही भारी पडतो. आत गेल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुणे. फोटो फक्त फलकाचा. माणसांचा काढायचा तर आधी त्यांना विचारून.

बोलण्याची तालीम वर्गातच झाली. समोर, चेहरा दिसेल असे बसायचे. ओरडायचे नाही, हळू आणि स्पष्ट बोलायचे. "आजी, माझे बोलणे ऐकू येतेय का?" असे एकदा विचारायचे. कुणी रडू लागले किंवा रागावले तर घाबरायचे नाही, जवळच्या मोठ्या माणसाला हाक मारायची. ही शेवटची सूचना राहून जाते आणि मग मूल घरी जाऊन 'मी पुन्हा येणार नाही' म्हणते. भेट अर्ध्या तासाची. त्याहून लांबली की मुले चुळबुळ करतात आणि वृद्ध थकतात.

परतल्यावर चर्चा 'कसे वाटले?' पासून सुरू केली नाही, कारण त्याला 'छान वाटले' हे एकच उत्तर येते. आधी 'काय पाहिले?', मग 'कोणाला काय फरक पडला?', मग 'काय बदलायला हवे?'. पहिल्या प्रश्नाला एका मुलाने सांगितले की चाकाच्या खुर्चीवरच्या आजींना फलक नीट दिसत नव्हता, तो उंच लागला होता. मुले उभी राहून पाहत होती, त्यामुळे आधी हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. दुसऱ्या तुकडीने फलक खाली घेतला.

काय साधले, काय राहिले

यश मोजायला वस्तूंची संख्या नव्हती. तीन गोष्टी पाहिल्या. पुढच्या दोन महिन्यांत न कळवता तीनदा फोन करून 'फलकावर आज काय आहे?' असे विचारले. दोनदा बरोबर, एकदा कार्यक्रमाची ओळ जुनी. हजेरी सत्राच्या शेवटपर्यंत वीसच्या खाली गेली नाही. आणि रेघांच्या कागदावर शेवटच्या बैठकीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे निदान एक रेघ होती.

राहिलेलेही बरेच आहे. भेटीच्या तारखा आणि बसची व्यवस्था अजून शिक्षिकाच ठरवतात, आणि या वयात ते योग्यच आहे. पण कुठले निर्णय मोठ्यांचे आणि कुठले मुलांचे, हे सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना स्पष्ट सांगायला हवे होते. ते न सांगितल्याने एका गटाने स्वतःच ठरवलेली तारीख शिक्षिकांना बदलावी लागली आणि गट नाराज झाला. पैशांचा प्रश्नही सुटलेला नाही. पुठ्ठा आणि कार्डपेपरचा खर्च पालकांच्या वर्गणीतून झाला, आणि रोख रक्कम मुलांच्या दप्तरातून आली. पुढे ती दोन मोठ्या माणसांनी एकत्र मोजून घ्यावी आणि मुलांनी फक्त हिशोबाची वही ठेवावी, असे ठरले आहे.

पाचवीची आठ मुले आता मंडळातून बाहेर पडतील. त्यांनी पुढच्या मुलांसाठी एक फाइल केली आहे: तीन प्रश्नांचे कार्ड, कामांची सहा कार्डे, अक्षरांची मापे, फसलेल्या नमुन्यांपैकी दोन, आणि आश्रमाला केव्हा फोन करावा व केव्हा करू नये याची टीप. फसलेले नमुने ठेवायचा आग्रह मुलांचा होता. दरम्यान आश्रमाने वरच्या मजल्यासाठी दुसरा फलक मागितला आहे. व्यवस्थापकांचा फोन शिक्षिकेला आला, आणि तिने होकार न देता निरोप पुढच्या बैठकीच्या विषयांत लिहून ठेवला आहे.